देवाला भिऊन वागणारी बाई

प्रश्न अगदी सरळ विचारलास, म्हणून मीही सरळच बोलते. देव प्रीती आहे असं संडेस्कूलपासून ऐकत आलो आणि परमेश्वराचं भय धरा हेही त्याच संडेस्कूलमध्ये पाठ केलं. मग माणसानं देवाच्या जवळ जायचं, की चार हात लांब राहायचं? त्यात आता तू नर्सिंगची शेवटची परीक्षा देऊन वॉर्डात उभी राहणार. आईला काळजी, मावशीचं एकच पालुपद, ‘देवाला भिऊन वाग गं बाई.’ तुला कळेना की म्हणजे नक्की करायचं काय. मान खाली घालायची? कमी बोलायचं? रात्री अंथरुणावर पडून दिवसभराच्या चुका मोजायच्या?

आधी दोन बायकांची ओळख करून देते. दोघी तुझ्याच पेशातल्या. निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात शिप्रा आणि पुवा नावाच्या सुइणी आहेत. मिसर देशाच्या राजाचा त्यांना हुकूम होता की इब्री बाईचं बाळंतपण करताना मुलगा झाला तर तिथल्या तिथं मारून टाका. त्यांनी मारलं नाही. का, तर त्या देवाला भ्याल्या. शास्त्रात एवढंच कारण दिलंय. राजानं बोलावून जाब विचारला तेव्हा त्यांनी सरळ तोंडावर थाप मारली, की इब्री बायका भारी धट्ट्याकट्ट्या, आम्ही पोचायच्या आधीच मोकळ्या होतात! आमच्या एका जुन्या पाळकसाहेबांना या थापेचं फार अवघड व्हायचं, उपदेशात ते एवढा भाग गाळून पुढे जायचे. मला मात्र त्या दोघी फार आवडतात. फारोचं नाव त्या अध्यायात कुठंच नाही, पण या दोन सुइणींची नावं आहेत.

आता बघ, देवाला भिऊन वागणारी बाई म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे कोण येतं? पदर सारखा करून मागच्या बाकावर बसणारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आणि शास्त्रातल्या या दोघी तर राजाचा हुकूम मोडून बसल्या. त्यांच्या एका बाजूला राजा होता, सगळी सत्ता हातात असलेला. दुसऱ्या बाजूला नुकतं जन्मलेलं मूल होतं, ज्याला रडण्यापलीकडे काही येत नाही. देवाचं भय मनात असल्यामुळे त्यांना राजाची भीती उरली नाही आणि ते मूल वाचलं.

हे एकदा डोळ्यांत भरलं की पुढे सगळीकडे तेच दिसायला लागतं. योसेफाचंच घे. भावांनी विकलेला हा मुलगा मिसर देशाचा अधिकारी होतो, दुष्काळ पडतो, तेच भाऊ धान्य मागायला त्याच्यापुढे येऊन उभे राहतात. ते त्याला ओळखत नाहीत, तो त्यांना ओळखतो. मनात आणलं असतं तर काय करता आलं नसतं? आधी तो तसं करतोही. सगळ्यांना तीन दिवस कोठडीत टाकतो आणि म्हणतो की एकानं जावं, बाकीच्यांनी इथंच राहावं. तिसऱ्या दिवशी हुकूम बदलतो. एकानं राहावं, बाकीच्यांनी घरच्या उपाशी माणसांसाठी धान्य घेऊन जावं. आणि कारण सांगतो, की मी देवाला भिणारा माणूस आहे. म्हणजे समर्थ माणसानं दुबळ्यांना दिलेला तो दिलासा आहे, की माझ्या हातात सापडलात, तरी घाबरू नका.

लेवीयाच्या पुस्तकात तर हे नियमातच घातलंय. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको, आपल्या देवाचं भय बाळग. मी नर्स म्हणून निवृत्त झाले, पण वॉर्डात असताना हे वचन मला जेवढं समजलं तेवढं कुठल्याच उपासनेत समजलं नाही. बहिऱ्याला शिवी दिली तर त्याला ऐकू येत नाही. आंधळ्याच्या पायात दगड ठेवला तर कोणी ठेवला हे त्याला दिसत नाही. तो कुणाकडे तक्रार करणार आणि कुणाचं नाव घेणार? साक्षीदार एकच, तो वर आहे. म्हणून देवाच्या भयाची आठवण नेमकी तिथं करून दिलीय, जिथं माणसाच्या भीतीचा काही उपयोगच नाही.

रात्रपाळीला तुला हे रोज भेटेल. पहाटे दोनला टीपीआर घ्यायचा असतो. पेशंट ग्लानीत, नातेवाईक बाकाखाली चादर ओढून झोपलेले, इन्चार्ज सिस्टर घरी. खुर्चीत बसल्या बसल्या ताप नॉर्मल, नाडी ७८, श्वास १८ असं लिहून टाकता येतं. राउंडला डॉक्टर तो चार्ट बघतात, मान हलवतात, पुढे जातात. नव्वद वेळा काही बिघडत नाही. बेशुद्ध म्हाताऱ्याला कूस बदलून द्यायची असते, नाही दिली तर तो उठून सांगणार नाही की सिस्टर आल्याच नाहीत. अंगावरचं पांघरूण ओढताना हिसका दिला काय, हळू ओढलं काय, बघणारं कोणी नाही. आयसीयूमध्ये कॅमेरे बसले तेव्हा माझ्या काही मैत्रिणी एकदम हळुवार झाल्या. कॅमेऱ्याला भिऊन का होईना, पेशंटचं भलं झालं, मला त्याचा आनंदच आहे. पण कॅमेरा नसलेल्या खोल्या जगात जास्त आहेत.

नहेम्याची गोष्ट संडेस्कूलमध्ये यरुशलेमच्या भिंतीपुरती सांगतात, पाचव्या अध्यायावर कोणी फारसं थांबत नाही. त्याच्या आधीचे सुभेदार रयतेकडून अन्न आणि द्राक्षारस घ्यायचे, वर ४० शेकेल रुपंही घ्यायचे. त्यांचे नोकरसुद्धा लोकांवर मिजास करायचे. हा बारा वर्षं सुभेदार होता आणि हक्काचा तो भत्ता त्यानं घेतला नाही. पंगतीला रोज दीडशे माणसं, एक बैल, सहा मेंढरं, पाखरं, एवढा खर्च असूनही. कारण तो स्वतःच सांगतो, देवाचं भय, आणि लोकांवर ओझं फार होतं. आपल्याकडे कुणाला गाडी मिळाली, बंगला मिळाला की साक्ष देतात, देवानं आशीर्वाद दिला. चांगलं आहे. पण कायद्यानं मिळत असलेलं नाकारलं, लोकांची पाठ मोडलीय म्हणून, अशी साक्ष मी अजून एकाही कॉटेज मीटिंगमध्ये ऐकलेली नाही.

उलट्या बाजूनंही तेच. अमालेकी लोकांबद्दल शास्त्र म्हणतं की ते देवाला भ्याले नाहीत. त्यांनी केलं काय होतं? इस्राएल लोक थकून भागून चालले होते, तेव्हा मागे रेंगाळलेल्या अशक्तांना त्यांनी कापलं. आणि येशूनं सांगितलेला तो न्यायाधीश, देवाला न भिणारा आणि माणसाला न जुमानणारा, त्याच्या दारात खेटे कोण घालत होती? एक विधवा. कोणी देवाला भितो की नाही हे त्याची प्रार्थना किती लांब आहे यावरून कळत नाही गं. त्याच्या घरच्या कामवालीला विचारावं.

आता दुसरं भय. ते तुझ्या मनात आहे, मला ठाऊक आहे, कारण तू मागे लिहिलं होतंस की आजीला लकवा झाला तेव्हा तुला वाटलं, आपण लेंटमध्ये सिनेमाला गेलो म्हणून झालं. हे भय फार जुनं आहे, पार एदेन बागेतलं. फळ खाल्ल्यावर आदामाला देवाची चाहूल लागली आणि तो झाडांत लपला. देव हाक मारतोय आणि हा म्हणतो, मी भ्यालो. येशूच्या दाखल्यातल्या त्या तिसऱ्या चाकराचंही तेच. मालकानं दिलेला पैसा त्यानं जमिनीत पुरून ठेवला, का, तर तुम्ही कठोर आहात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी भ्यालो. बाकीच्या दोघांना मालक कठोर वाटला नव्हता. हे भय माणसाला लपायला लावतं किंवा हातातलं काम पुरून ठेवायला लावतं. देव कसा आहे याचा त्याला पत्ताच नसतो.

मार्टिन लूथरसारखा माणूस या भयातून गेला. १५०५च्या जुलैत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, वादळात जवळच वीज कोसळली आणि घाबरून त्यानं नवस केला की मी संन्यासी होईन. झालाही. मग मठात तासन् तास पापनिवेदन. एखादं पाप सांगायचं राहिलं तर, ही धाकधूक. पुढे म्हातारपणी त्यानं लिहून ठेवलं की त्या काळात न्यायी देवावर आपलं प्रेम नव्हतंच, आपण त्याचा द्वेष करत होतो. अशा भयाच्या पोटात द्वेषच वाढतो, बघ. पण १५२९ साली हाच लूथर लहान मुलांसाठी छोटी प्रश्नोत्तरावली लिहितो तेव्हा दहाही आज्ञांच्या स्पष्टीकरणात देवाचं भय आणि देवावरची प्रीती जोडीनं ठेवतो, आणि तिथून शेजाऱ्याकडे वळतो. खून करू नको, म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाला इजा करू नको, एवढंच नाही, त्याला अडीअडचणीला मदत कर. भय त्यानं टाकलं नाही, फक्त ते देवाची कृपा कळल्यानंतरचं भय होतं.

आपल्या नगरकडच्या मंडळींना तर भयाचा उपदेश वारशानं आलाय. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये १७४१ साली जोनाथन एडवर्ड्स यांनी क्रोधायमान देवाच्या हातातल्या पाप्यांवर उपदेश दिला, तेव्हा लोक इतके रडू-ओरडू लागले की त्यांना मध्येच थांबावं लागलं. त्याच भागातल्या काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या परंपरेतले मिशनरी १८१३ला मुंबईत आणि १८३१ला नगरला आले. त्यांनी शाळा काढल्या, छापखाना आणला, आपल्या पणज्यांना अक्षर शिकवलं, ते ऋण मोठं आहे. पण नरकाच्या ज्वाळाही त्यांच्याच सामानातून आल्या आणि काही पाळकांना त्या अजून फार लागतात. मी एडवर्ड्स यांना खोटं म्हणत नाही. देव पवित्र आहे, पापाची त्याला चीड आहे, हे सौम्य करून सांगण्यात मला रस नाही. प्रेषितांच्या पुस्तकात हनन्या आणि सप्पीरा खोटं बोलून मरतात आणि सगळ्या मंडळीला मोठं भय वाटतं, तो अध्याय मी फाडून टाकू शकत नाही. मात्र घाबरवून जवळ आणलेला माणूस भीती ओसरली की निघून जातो, हे मी तीस-चाळीस संजीवन सभांत पाहिलंय.

यावर सर्वांत चांगलं बोलला तो हिप्पोचा बिशप ऑगस्टीन, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, योहानाच्या पहिल्या पत्रावर प्रवचनं देताना. पूर्ण प्रीती भयाला घालवून देते हे त्या पत्रात आहे, आणि स्तोत्रात तर परमेश्वराचं भय सर्वकाळ टिकणारं म्हटलंय. मग खरं काय? त्यानं दोन बायका डोळ्यांपुढे आणल्या. दोघींचेही नवरे परगावी, दोघीही धास्तावलेल्या. एकीचं मन दुसरीकडे गुंतलेलं, तिला भीती की नवरा येईल. दुसरीला भीती की तो येणार नाही, किंवा आपल्याला सोडून जाईल. पहिलं भय प्रीतीनं जातं, दुसरं प्रीतीतूनच येतं. वसईच्या आपल्या कॅथलिक बहिणींना दृढीकरणाच्या वेळी पवित्र आत्म्याची सात दानं शिकवतात, त्यांत परमेश्वराचं भय हेही एक दान आहे. शिक्षा नाही हं, दान. ती यादी यशयाच्या अकराव्या अध्यायातून आलीय. तिथं येणाऱ्या राजाचं वर्णन आहे, ख्रिस्ती लोक त्यात येशूला पाहतात. त्या राजाला परमेश्वराच्या भयात आनंद वाटतो. ज्यानं पाप केलं नाही, ज्याला शिक्षेची भीती असायचं कारण नाही, त्यालासुद्धा हे भय आहे आणि ते त्याला गोड लागतं. पुढचंच वाक्य काय, तर तो डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर न्याय करणार नाही, दीनांचा न्याय नीतीनं करील. म्हणजे इथंही तोच धागा.

तेव्हा आजीच्या लकव्याचं ओझं खाली ठेव. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, कोणाचंच नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही त्यानं हेच सांगितलं की ती इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती. आजीला रक्तदाब होता आणि गोळ्या ती विसरायची. तू नर्स आहेस, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळायला हवं.

अजून एक बोलायचंय, हे जरा कानात सांगते. लग्न होईल, संसार होईल, आणि कधी ना कधी कोणीतरी तुला गप्प करायला देवाचं भय वापरेल. नवरा हात उगारतो अशी बाई पाळकांकडे गेली की पेत्राच्या पत्रातलं वाचून दाखवतात, पतीच्या अधीन राहा. तो उतारा पुढे वाचायला सांग. सारेची मुलं तुम्ही केव्हा, तर चांगलं करता आणि कुठल्याही दहशतीला भीत नाही तेव्हा, असा त्याचा शेवट आहे. नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय तर बाईच्या दफनविधीला हमखास वाचतात, परमेश्वराचं भय धरणाऱ्या स्त्रीची प्रशंसा. ती बाई त्या अध्यायात स्वतःच्या विचारानं शेत विकत घेते, व्यापार करते आणि उद्याच्या दिवसाला हसते. हसते! दशांश कमी पडला म्हणून पोर आजारी पडलं असं कोणी सांगितलं, तर सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे ते आधी बघ. देवाच्या भयानं सांगणाऱ्याचीच सत्ता आणि पैसा वाढत असेल, तर ते भय त्या माणसाचंच असतं, देवाचं नाही.

पंडिता रमाबाईंकडे मी नेहमी या नजरेनं बघते. १८८३ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा इकडे केवढा गदारोळ उठला. पण तिकडच्या धर्माधिकाऱ्यांनाही वाटलं की बाई आता आपल्या मुठीत आल्या, तर तेही झालं नाही. वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीनशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे, त्यात त्या स्वच्छ सांगतात की सदसद्विवेक मी कोणाच्या हवाली करणार नाही. १८९७च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात बायकांची होणारी आबाळ त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये लिहून चव्हाट्यावर आणली. गव्हर्नर सँडहर्स्टनी ती नाकारली. ख्रिस्ती बाई, ख्रिस्ती सरकार, तरी त्यांना इस्पितळातल्या पोरी दिसल्या. शिप्रा आणि पुवाच्या शेजारी मी त्यांना बसवते, कोणाला पटो न पटो.

येशूही भय सोडा असं म्हणाला नाही. शरीराला मारणाऱ्याला भिऊ नका, शरीर मेल्यावर नरकात टाकण्याचा ज्याला अधिकार आहे त्याला भ्या, असं तो लूकात बजावतो. इतकं कडक वाक्य झाल्यावर लगेच चिमण्यांवर येतो. पाच चिमण्या दोन दमड्यांना. मत्तयात भाव एका दमडीला दोन आहे, म्हणजे दोन दमड्यांना चार यायला हव्यात, पाचवी वरताळा. त्या फुकटच्या चिमणीलाही देव विसरत नाही, म्हणून भिऊ नका. भ्या आणि भिऊ नका, एका दमात. मला पूर्वी वाटायचं की हे जुळत नाही. वॉर्डातल्या कुणाचंच नसलेल्या पेशंटजवळ उभं राहिलं की जुळतं. त्याला विसरला नाही असा एक जण आहे, आणि त्याच्यापुढे मला उभं राहायचंय.

तर आता काय करायचं, विचारशील. पापांची वही मांडू नकोस. चूक झाली तर त्याच रात्री देवाला सांग आणि झोप. तुझ्याकडे क्षमा आहे म्हणून तुझं भय धरतात, असं एकशे तिसाव्या स्तोत्रात देवाला म्हटलंय, ते नीट वाच. क्षमा आधी आहे. ड्यूटीवर पहिल्या दिवशी आपल्या हाताखाली कोण कोण आहे ते मनात मोज. पेशंट आहेतच, पण वॉर्डबॉय, सफाईवाली मावशी आणि तुझ्याहून ज्युनिअर पोरगीही मोज. आणि वरून कोणी चुकीचा चार्ट लिहायला सांगितला तर लिहू नकोस. नोकरी जाईल असं म्हणतील. बहुतेक वेळा जात नाही. गेली तर आपल्या घरात एक खोली रिकामी आहे आणि माझी पेन्शन दोघींना पुरते. रुजू व्हायच्या आदल्या रात्री निर्गमाचा पहिला अध्याय वाच. बावीसच वचनं आहेत, दहा मिनिटं लागणार नाहीत. पहिली रात्रपाळी झाली की मला फोन कर.